संस्थेच्या इमारतीत एका खोलीत राहणारे आम्ही : पावती देणगीची आणि भिंत ओली

तिसरा_मजला (२९ मे २०२५)

नमस्कार. इथे वाचते पुष्कळ, लिहितेय पहिल्यांदाच. फोनमध्ये बोलून लिहितेय. मी 'ओल' म्हटलं की तो 'ओळ' लिहितो. मुलीने शिकवलंय, दुरुस्त करत करत तासभर गेला. सांभाळून घ्या.

वय ७१. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका गावात राहते. गावाचं आणि संस्थेचं नाव देत नाही, का ते पुढे कळेल. संस्थेने तीसेक वर्षांपूर्वी एक इमारत बांधली, तळ अधिक तीन. फारसं उत्पन्न नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना एकेक खोली. हा वृद्धाश्रम नव्हे. जो तो आपापलं शिजवतो, आपापलं औषध आणतो. खोलीत मोरी आहे, संडास पॅसेजच्या टोकाला, मजल्यावर दोन. खोल्या २२. राहत्या १९, कारण एका खोलीचा स्लॅब धोकादायक म्हणून कुलूप आहे आणि तळमजल्याच्या दोन खोल्यांत संस्थेचं मंडपाचं सामान. खुर्च्या, बांबू, ताडपत्र्या, मोठी पातेली. ते भाड्याने जातं.

महिन्याला १८०० रुपये देतो. येताना ४० हजार 'इमारत निधी' म्हणून भरले होते. पावती मिळते, पण तिच्यावर 'देणगी' असं छापलेलं असतं. सहा वर्षांत मी बरीच दानशूर झाले आहे.

यंदा पावसाने घात केला. पंचवीस मेला मोसमी पाऊस आलासुद्धा, आणि त्याच्या आधीचे दिवसही कोरडे नव्हतेच. अगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीची, कामं सगळी अर्धवट. पापड निम्मे वाळले, आमसुलांना दुसरं पूट द्यायचं राहिलं. दरवर्षी गच्चीवर वाळत घालायचो, आता गच्चीला कुलूप. 'कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची' म्हणून. माझी खोली पश्चिमेच्या टोकाची. आत्ताच, मे महिन्यात, भिंतीला हात लावला तर ओला होतो. जुलैत काय होतं ते मला पाठ आहे. गादीला पांढरी बुरशी, उशीला कुबट वास, लुगडी गॅसच्या वर दोरी बांधून सुकवायची. पॅसेजला ग्रील आहे पण झड थेट आत येते, लाद्यांवर पाणी साठतं. दिवा आहे. बल्ब दिवाळीच्या आधी गेला, त्याच सुमाराला काळजीवाहकही सोडून गेला. दोन्ही परत आले नाहीत.

त्याच पाण्यावरून माझ्या शेजारच्या काकू १८ तारखेला रात्री घसरल्या. वय ७४. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन सरकारी योजनेच्या कार्डावर झालं, पैसे लागले नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही. परत आणलं तेव्हा चार माणसांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून ५६ पायऱ्या वर चढवलं. आता त्या वरच. टाके काढायला न्यायचं तर पुन्हा चार माणसं, पुन्हा खुर्ची.

मी चिटणिसांकडे गेले. म्हटलं, तळमजल्याची एक खोली काकूंना द्या. ते शांतपणे म्हणाले, "पटत नसेल तर गावाकडे घर आहे ना त्यांचं?" बस, एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. पण मी जिना चढून वर येईपर्यंत मनात आलं ते हे की आता माझ्या खोलीचं काय होणार.

इथे इंजिनियर आहेत, वकील आहेत. काय करावं? गोडीगुलाबीने जमेल असं सांगा. आम्हाला इथेच राहायचंय.

चाकरमानी६२ (२९ मे)

ताई, स्पष्ट बोलतो, राग नसावा. १८०० रुपयांत आज मुंबईत खाटही मिळत नाही. संस्था उपकारच करतेय. आणि गावात घर असेल तर म्हाताऱ्या माणसाने गावीच राहावं. माणसं असतात, हाकेला ओ मिळते. मी स्वतः निवृत्तीनंतर गावी आलोय.

तिसरा_मजला (२९ मे)

राग नाही. १८०० कमी आहेत हे मलाही कळतं. फक्त ते कोणासाठी कमी, ते बघा. काकूंना श्रावणबाळ योजनेचे १५०० मिळतात. म्हणजे सरकार देतं त्यापेक्षा खोलीचे ३०० जास्त. वरचे ३०० आणि खाणंपिणं त्या आमसुलं आणि कुळथाचं पीठ विकून भागवायच्या. आता बसून आहेत. मला आमच्या ह्यांच्या मागे पीएफची विधवा पेन्शन १००० रुपये, ईपीएस ९५ ची. बाकी मुलगी पाठवते. तिचंही काही उतू जात नाही.

गावच्या घराचं नंतर सांगते. ती वेगळीच कथा आहे.

रातांबा (३० मे)

मी ३१ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर होते, आता निवृत्त. आधी काकूंबद्दल. खुब्याच्या ऑपरेशननंतर माणूस खाटेवरच राहिला तर हाड जुळूनही पाय हातचा जातो. त्यांना रोज उठवा, वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालवा. डॉक्टरांनी किती वजन टाकायला सांगितलंय ते कागदावर लिहून भिंतीला लावा, म्हणजे दर येणाऱ्याजाणाऱ्याचा वेगळा सल्ला नको.

आता एक विचारते, उत्तर इथे नाही दिलंत तरी चालेल. संध्याकाळनंतर पाणी प्यायचं सोडलंय ना तुम्ही सगळ्याजणींनी? मला घरोघरी हेच दिसायचं. संडास लांब, पॅसेज अंधारा, म्हणून म्हाताऱ्या बायका चार वाजल्यानंतर घोटभरसुद्धा पीत नाहीत. मग लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, सकाळी उठताना चक्कर. त्यात बीपीची गोळी. पडतात त्या घाईने चालल्यामुळे पडतात असं सगळे म्हणतात, अर्ध्या जणी चक्कर येऊन पडलेल्या असतात. झाकणाचं भांडं खाटेखाली ठेवायला लाज वाटू देऊ नका. आणि बल्ब संस्था लावेल तेव्हा लावेल, चार्जिंगचा एक दिवा पॅसेजमध्ये आजच टांगा.

साठलेल्या पाण्यातून अनवाणी जाऊ नका. इमारतीत उंदीर असणार, मंडपाचं सामान म्हणजे त्यांचं माहेरच. पायाला भेग असेल तर लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, धोका. ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल, असं काही झालं तर घरगुती काढ्यावर दोन दिवस घालवू नका, केंद्रात जा आणि पाण्यातून चालले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तिसरा_मजला (३० मे)

सिस्टर, चार नाही, पाच वाजल्यानंतर. बाकी सगळं खरं.

जांभाचिरा (३१ मे)

सिव्हिल इंजिनियर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात पंचवीसेक वर्षं कामं केलीत. न बघता बोलतोय, त्यामुळे शेवटचा शब्द जागेवर जाऊन बघणाऱ्याचा.

पश्चिमेची भिंत आपल्याकडे कायमच मार खाते. पाऊस सरळ पडतच नाही, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येऊन आपटतो. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची असेल, आणि तुमच्याकडे ती असणारच, तर चिरा सच्छिद्र. बाहेरच्या गिलाव्याला केसासारखी चीर गेली की पाणी आत जातं आणि चिऱ्यात मुरून बसतं. मग उघडीप आली तरी भिंत आठ आठ दिवस ओली. लोक काय करतात, आतून महागातला वॉटरप्रूफ रंग मारतात. त्याने पाणी थांबत नाही, फक्त बाहेर पडायची वाट बंद होते. गणपतीपर्यंत पोपडे. आतून साधा चुना मारा. बाहेरची चीर बुजवल्याशिवाय आत एक रुपया घालू नका.

बाहेरचं काम या पावसात होणार नाही. कोण म्हणेल होतं, त्याला देऊ नका. पण एक गोष्ट आजही होते आणि तिला खर्च जवळजवळ नाही. गच्चीवरची पावसाळी पाइपांची तोंडं साफ करणं. गच्चीला वर्षभर कुलूप म्हणजे पाला, कौलांचे तुकडे, मेलेला कावळा, सगळं त्या तोंडाशी. गच्चीचं तळं होतं आणि तेच पाणी स्लॅबमधून खाली येतं. एक माणूस, एक खराटा, अर्धा दिवस.

आता जे वाचून मला खरं टेन्शन आलं ते सांगतो. ती कुलूपबंद खोली. स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्यात का? खाडीची खारी हवा काँक्रीटमध्ये शिरते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. ते एका खोलीपुरतं नसतं. शेजारच्या खोलीत अजून दिसत नाही इतकंच. कुलूप लावल्याने सळई गंजायची थांबत नाही. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढे तीन वर्षांतून एकदा सांगितलंय. तुमची सोसायटी नाही, ट्रस्ट आहे, पण खारी हवा नोंदणी क्रमांक बघत नाही. महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळून १६ माणसं गेली, ती तर तुमच्या इमारतीपेक्षा पुष्कळ नवी होती.

आणि पायरीची उंची मोजून सांगा. खालपासून वरच्या कडेपर्यंत.

तिसरा_मजला (३१ मे)

शिलाईच्या टेपने मोजली. आठ इंच. काही आठ, काही साडेसात, एक चक्क नऊ.

जांभाचिरा (३१ मे)

राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरासाठी जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण साडेसात. पण आठपेक्षा ती 'एक चक्क नऊ' वाईट. पाय सवयीने उचलला जातो, वेगळी पायरी आली की अडखळतो. तिच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढा. परवानगी मागू नका, पट्ट्यासाठी कोणी खोली काढून घेत नाही.

बोंडू_काजू (१ जून)

एवढं कशाला? २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. प्रांतसाहेबांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अर्ज करा, महिना १० हजार मिळतात. संस्थेला सरळ करा.

कोर्टाची_पायरी (१ जून)

नाही हो. हा गैरसमज इतका पसरलाय की माझ्याकडे महिन्याला एक तरी जण तोच घेऊन येतो. तो कायदा मुलांविरुद्ध किंवा ज्यांना वारसाने मालमत्ता मिळणार अशा नातेवाइकांविरुद्ध निर्वाहासाठी आहे. १० हजार ही वरची मर्यादा आहे, हमखास मिळणारी रक्कम नव्हे. संस्थेविरुद्ध तिथे काही होणार नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. 'देणगी' हा शब्द चुकून छापलेला नाही. संस्थांना भीती असते की भाडं म्हटलं की भाडेकरू झाला आणि भाडेकरू झाला की खोली गेली. म्हणून कागदावर तुम्ही लाभार्थी. पण दर महिन्याला ठरावीक रक्कम, ती दिल्याशिवाय राहता येत नाही, ही देणगी कशी? देणगी माणूस मनाने देतो, थकली तर नोटीस येत नाही. तुम्हाला थकल्याची चिठ्ठी कधी आली असेल तर जपून ठेवा. सहा वर्षांच्या पावत्या तर सोन्यासारख्या जपा. फोटो काढून मुलीला पाठवून द्या, भिंत ओली आहे म्हणालात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. तुमच्या बाबतीत हा कायदा लागतो की तुम्ही फक्त परवानगीने राहणारे, हे मी कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही. कोणी फोरमवर छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नका, माझ्यावरसुद्धा.

पण ट्रस्टला एक दार नक्की आहे, धर्मादाय कार्यालय. रत्नागिरीला आहे. संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असणार. तिथून दोन गोष्टींच्या नकला मागा. परिशिष्ट एक, म्हणजे विश्वस्त कोण आणि मिळकत कोणती. आणि संस्थेची घटना. घटनेच्या उद्देशात 'गरजू वृद्धांसाठी निवास' असं लिहिलेलं असेल, तर तळमजल्याच्या दोन खोल्यांत खुर्च्या राहतात आणि ७४ वर्षांची बाई तिसऱ्या मजल्यावर, याचं उत्तर विश्वस्तांना द्यावं लागेल. कलम ४१-अ खाली विश्वस्तांना निर्देश देता येतात. हे सगळं करावंच लागेल असं नाही. नक्कल हातात आहे एवढं कळलं तरी बोलण्याचा सूर बदलतो.

अर्ज एकटीने करू नका. १९ खोल्यांपैकी निदान दहा सह्या. आणि सह्या गोलात घ्या, एकाखाली एक नको, म्हणजे पहिली सही कोणाची हा प्रश्नच राहत नाही. ही युक्ती कायद्यातली नाही, आमच्या आजोबांची.

तिसरा_मजला (३ जून)

गोलातल्या सह्या वाचून दाखवल्या तर काकू आठ दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

गावच्या घराचं सांगते म्हटलं होतं. काकूंना मूलबाळ नाही. २०१६ साली त्यांनी घर आणि मागची बारा कलमी झाडं पुतण्याला बक्षीसपत्राने दिली, शेवटपर्यंत सांभाळीन म्हणाला म्हणून. दोन वर्षांत त्याने माडी होमस्टेला काढली आणि काकू पडवीत आल्या. मग इथे.

कोर्टाची_पायरी (३ जून)

हां, इथे मात्र २००७ चाच कायदा. कलम २३. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही तर ते हस्तांतर रद्द ठरवता येतं. बक्षीसपत्रात ती अट आहे का ते आधी वाचा, बरंचसं त्यावर अवलंबून. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने सैल हाताने लावायला सांगितलंय आणि प्राधिकरणाला ताबा परत देण्याचा आदेशही करता येतो असं म्हटलंय. अर्ज प्रांताकडे. वकिलाची गरज नाही.

तिसरा_मजला (४ जून)

वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "जिंकले तरी राहू कोणाबरोबर? त्याच्या हातचं पाणी पिऊ?" आणि कूस बदलून झोपल्या. मी पुढे ताणलं नाही. कायदा बरोबर असेल. पण त्यांना त्या पडवीत परत जायचं नाही, खालच्या खोलीत जायचंय.

आंबेरी (४ जून)

माझ्या आवशीचा असाच झाला. घर भावाक दिला नि मगे ती परक्याच्या दारात. काकूंका सांगा, एकटी नाय ती. इमारतीची माणसा चांगली हत ह्या बघून बरा वाटला.

खजिनदार_नावापुरता (६ जून)

चार दिवस लिहू की नको करत होतो. मी अशाच एका संस्थेत, दुसऱ्या तालुक्यात, नऊ वर्षं खजिनदार आहे. तुमच्या चिटणिसांच्या जागी मी असतो तर कदाचित तेच वाक्य बोललो असतो. शरमेने लिहितोय.

पण आमची बाजूही ऐका. १९ खोल्या गुणिले १८०० म्हणजे ३४,२०० महिन्याला. त्यात पंपाचं आणि जिन्याचं वीजबिल, घरपट्टी, पाणीपट्टी, सफाईवाली, टाकी धुणं, दर पावसात जळणारी मोटर. काळजीवाहकाला त्यातून काय देणार? म्हणून तो टिकत नाही. देणगीदार येतात, नाही असं नाही. मुंबईहून येतात, हार घालून घेतात. सभागृह बांधायला पैसे देतात, कारण संगमरवरावर आईवडिलांचं नाव येतं. गच्चीच्या पाइपावर कोणी नाव लिहीत नाही. सांडपाण्याच्या चेंबरला तर अजिबातच नाही. मंडपाचं सामान हाच अनेकदा एकमेव धंदा असतो ज्यातून मोटरचे पैसे निघतात. म्हणून त्या खोल्या सुटत नाहीत. वाईटपणा नाही, हिशेब आहे.

आणि भीती. कोर्टाची_पायरी म्हणाले ते शंभर टक्के खरं. आमच्याकडे एका खोलीत आजोबा गेले आणि नातू कुलूप उघडेना. तेव्हापासून आमच्याही पावतीवर 'देणगी'. एका नातवासाठी आम्ही सगळ्या म्हाताऱ्यांना पाहुणे करून टाकलं, हे आज इथे वाचताना लक्षात आलं.

कामाचं सांगतो. अर्जात नुसतं 'खोली द्या' लिहू नका. 'सामान कुठे ठेवायचं' हेही लिहा. ती कुलूपबंद खोली तिसऱ्या मजल्यावर असेल तर तिथे नाही चालणार, आधीच स्लॅब नाजूक. पण जिन्याखाली, किंवा मागे पत्र्याची पडवी काढून? चिटणिसाला समितीपुढे नेता येईल असं काहीतरी हातात द्या. आणि अजून एक, हे मी बोललो असं कुठे सांगू नका. मंडपाचं सामान गणपतीत बाहेर जातं. सार्वजनिक मंडळं, भजनाच्या बाऱ्या, बुवा, सगळ्यांना खुर्च्या हव्या. तेव्हा पंधरा दिवस ती खोली रिकामी असते.

वाशिष्ठीकाठ (७ जून)

तळमजला तळमजला सगळे म्हणताय म्हणून लिहितो. मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला आमच्या गल्लीत तळमजला पाण्याखाली होता. शेजारच्या आजोबांना, पॅरालिसिस झालेले, आम्ही टेबलावर टेबल ठेवून त्यावर बसवलं होतं, पाणी टेबलाला लागलं तेव्हा वरच्यांनी दोरीने आणि चादरीने ओढून घेतलं. त्याच्या आधी त्यांच्या मुलाने मुद्दाम तळमजल्याची खोली घेतली होती, गुडघ्यांसाठी. आता आमच्याकडे म्हातारी माणसं पहिला मजला मागतात. गुडघे दुखले तरी चालतील म्हणतात.

तुमची खाडी आहे, भरती आणि पाऊस एकदम आला तर? २००५ ला, २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते जुन्या माणसांना विचारा. भिंतीवर खूण असते. खाट खूणेच्या वर, आणि औषधं, रेशनकार्ड, आधार, पावत्या सगळं प्लास्टिकच्या डब्यात उंच फळीवर. रात्री वर न्यायला कोण येणार त्यांची नावंही आत्ताच ठरवा.

तिसरा_मजला (७ जून)

हे सुचलंच नव्हतं. विचारलं. २००५ ला अंगणातल्या दुसऱ्या पायरीला लागलं होतं, २०२१ ला पहिल्या. जोत्याला अजून तीन पायऱ्या आहेत. वरून आणणारे म्हणून पहिल्या मजल्यावरच्या दोघांनी नावं दिली. एक ६८, दुसरे ७०. इमारतीतले तरुण.

तिसरा_मजला (१४ जुलै)

धागा वर काढतेय. मधे आषाढी गेली, लिहायला जमलं नाही.

सह्या तेरा झाल्या. गोलात. दोघांनी नाही केल्या आणि मी त्यांना दोष देत नाही, एकाचा मुलगा संस्थेच्या शाळेत शिपाई आहे. एका आजोबांना सही येत नाही, अंगठा. रेशनच्या मशीनवर तो अंगठा कधी उमटत नाही, बोटं झिजलेली, दर महिन्याला रडकुंडीला येतात. आमच्या कागदावर मात्र झकास उमटला.

मुलीने रत्नागिरीहून संस्थेच्या घटनेची नक्कल आणली. उद्देश क्रमांक तीन : 'निराधार व अल्प उत्पन्न असलेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांच्या निवासाची सोय करणे.' मंडपाचा उल्लेख कुठेच नाही. नक्कल मी कोणाला दाखवली नाही. फक्त मीटिंगला पिशवीतून नेली आणि टेबलावर ठेवली. चिटणिसांनी एकदा बघितली.

गच्चीची तोंडं साफ झाली, आमच्याच पहिल्या मजल्यावरच्या तरुणांनी केली, किल्ली मागून. घमेलंभर पाला निघाला, आणि एक चेंडू. माझी भिंत अजून ओली आहे पण छत गळायचं थांबलंय. बल्ब आले, तीनही मजल्यांचे. स्ट्रक्चरल ऑडिटला 'दिवाळीनंतर बघू' म्हणाले. ते मी लिहून मागितलं, तर इतिवृत्तात घेतलं.

खोलीचं काही बोलले नाहीत. 'विचाराधीन'.

जांभाचिरा (१४ जुलै)

इतिवृत्तात घेतलं हे मोठं झालं. तारखेसह झेरॉक्स घ्या. दिवाळीत मीच फोन करायला सांगेन.

पॅसेजच्या ग्रीलला आतून हिरवी नेट नका लावू, पाणी धरून ठेवते आणि अंधार करते. बाहेरून, खाली सुटी ठेवून, जाड पारदर्शक कागद उतरता बांधा. पूर्वी नारळाच्या पात्यांची झापं बांधायचे तसंच.

तिसरा_मजला (२६ ऑगस्ट)

उद्या गणपती. शुक्रवारी संस्थेचा टेंपो आला आणि एका खोलीतलं सगळं सामान गेलं. दुसरीतल्या फक्त ताडपत्र्या राहिल्या. इमारतीचा गणपती दरवर्षी आम्ही पायऱ्यांपाशी टेबलावर बसवतो, झड लागते, वाती विझतात. यंदा म्हटलं रिकाम्या खोलीत बसवू. चिटणिसांना विचारलं, देवासाठी नाही कोण म्हणणार?

शनिवारी दोघी सफाईवाल्या, मी आणि खालच्या आजी, खोली घासून काढली. उंदरांची तीन बिळं निघाली, सिस्टर, तुमची आठवण झाली. बुजवली. चुना मारला. रविवारी त्याच खुर्चीत बसवून काकूंना खाली आणलं. गणपतीचं करायला खोलीत कोणीतरी हवंच ना, नैवेद्य, वाती. खाट एका कडेला लावली. तीन महिन्यांनी त्यांनी अंगण बघितलं. तेरड्याला फुलं आलीत हे त्यांनाच आधी दिसलं.

चाकरमानी६२ (२६ ऑगस्ट)

ताई, मे महिन्यात मी जे लिहिलं होतं ते मागे घेतो. दीड दिवसाचा की पाच?

तिसरा_मजला (२६ ऑगस्ट)

दरवर्षी दीड. यंदा सगळ्यांच्या मते अनंत चतुर्दशीपर्यंत.

खजिनदार_नावापुरता (२७ ऑगस्ट)

मी काहीही बोललो नव्हतो हे पुन्हा एकदा नोंदवतो. आरतीला समितीला बोलवा. सगळ्यांना.

तिसरा_मजला (३० ऑगस्ट)

आले काल. चिटणीस आणि दोघे विश्वस्त. आरती झाली, काकूंनी खाटेवर बसूनच प्रसाद दिला, आमसुलाचं सार आणि खिरापत. चिटणिसांनी खाट बघितली, खाटेखालचं भांडं बघितलं, वॉकर बघितला. काही बोलले नाहीत. जाताना दारात थांबून विचारलं, "काकू, रात्री इथे डास येत नाहीत ना?"

याचा अर्थ काय धरायचा ते मला कळत नाही. पावतीवर अजून देणगीच आहे. १८०० चे १५०० करा असा काकूंसाठी वेगळा अर्ज लिहितेय, सह्या पुन्हा गोलात.

जांभाचिरा, एक विचारायचं राहिलं. त्या खोलीच्या मोरीचा उंबरठा सहा इंच आहे आणि वॉकर त्यावर चढत नाही. फोडू की उतरतं सिमेंट घालू? घातलं तर या पावसात धरेल का?

जांभाचिरा (३० ऑगस्ट)

फोडू नका, मोरीचं पाणी खोलीत येईल. उतार करा, पण सहा इंचाला निदान सहा फूट लांबी हवी, नाहीतर वॉकर मागे घसरेल. एवढी जागा नसेल तर आत एक तीन इंचाची रुंद पायरी आणि दोन्ही बाजूंना हाताला दांडा. दांडा स्टेनलेसचाच, साधा पाइप आपल्या हवेत दोन वर्षांत सडतो. सिमेंटला दोन दिवस उघडीप पुरे. हस्त नक्षत्राची वाट बघू नका, आत आहे ते, धरेल. खोलीची लांबी मोजून टाका, शिलाईच्या टेपने चालेल.